आमच्या गल्लीची घंटागाडी : पाचपैकी साडेतीन तारे

मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो. कुठलीही गाडी आली की माझी नजर आधी घड्याळाकडे जाते, मग गाडीकडे. नगरपालिकेची घंटागाडीही त्यातून सुटलेली नाही. रिटायर झाल्यापासून मी रोज सकाळी ओट्यावर बसतो आणि ती किती वाजता आली ते डायरीत टिपतो. आमची मंडळी म्हणते, पगार बंद झाला, पण ह्यांची ड्युटी काही संपेना.

गाव जळगाव जिल्ह्यातलं, तापीपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, पालिकेतले अर्धे लोक ओळखीचे आहेत.

वेळेला पाचपैकी पाच. आमच्या गल्लीत गाडी आठ-दहाला येते. फार झालं तर साडेआठ, त्यापुढे नाही. बाहेरगावच्या माणसाला ह्यात विशेष वाटणार नाही. पण ज्यानं कोपऱ्यावरची जुनी कुंडी पाहिली आहे त्याला विचारा. कुंडीच्या आत कमी आणि भोवती जास्त कचरा असायचा. त्यात डुकरं, आणि पावसाळ्यात तिथून नाक दाबून निघायचं. त्याच्याही आधी घरोघरी उकिरडा होता. शेण, राख, भाजीचे देठ सगळं त्यात पडायचं आणि वैशाखात गाडीबैलानं शेतात जायचं. प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि उकिरडा मोडला. पिशव्या उडून कपाशीच्या झाडांना लटकायला लागल्या, मग कोण तसलं खत शेतात घालतो?

आता टाटाची छोटी गाडी येते, आम्ही तिला छोटा हत्ती म्हणतो. मध्ये पत्रा, एका बाजूला ओला कचरा, दुसऱ्या बाजूला सुका. एक चालक, मागे दोन मदतनीस. वर कर्णा, त्यावर कचरा द्या सांगणारं हिंदी गाणं. ते आता लोकांच्या कानाला इतकं सरावलंय की ऐकूच येत नाही. मागे एकदा कर्णा आठ दिवस बिघडला होता. मागची ताई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून नुसती ओरडायची, "गाडी उनी वं माय!", म्हणजे गाडी आली गं बाई. त्या आठ दिवसांत एक घर चुकलं नाही. कर्णा दुरुस्त झाला आणि बायका पुन्हा गाडी गेल्यावर बादली घेऊन मागे धावायला लागल्या.

आता तारे कुठे कापले ते सांगतो.

गाडीतला पत्रा बरोबर मध्यावर वेल्डिंग केलेला आहे. अर्धी जागा ओल्याला, अर्धी सुक्याला. कागदावर ठीक आहे, पण आमच्या गावाचा कचरा असा अर्धा-अर्धा निघत नाही. अखाजी घ्या, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी आलेल्या, घरोघर आमरस, पुरणपोळ्या. दुसऱ्या दिवशी सालं आणि कोयी एवढ्या निघतात की मारुतीच्या देवळापर्यंत ओल्याची बाजू फुल्ल. आमची गल्ली मार्गावर शेवटची. बसमध्ये जागा संपली की शेवटच्या थांब्यावरचा माणूस कुठे चढतो ते मला कोणी शिकवायला नको. आमच्या कोयी सुक्याच्या बाजूला, पुठ्ठ्यांवर आणि दुधाच्या पिशव्यांवर. मंडळीनं दोन बादल्या वेगळ्या ठेवल्या होत्या, माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही एकातच. मदतनिसांना बोल लावण्यात अर्थ नव्हता, त्यांनी टाकायचं तरी कुठे?

ह्याचा परिणाम मला माझ्या लिंबाच्या झाडाखाली दिसला. पालिकेच्या डेपोवर ओल्या कचऱ्याचं खत करतात. मी एक पोतं आणलं. हाताला मऊ, वासही मातीचा. चाळून बघितलं तर त्यात शाम्पूच्या पुड्या, बाटलीची झाकणं आणि एक हिरवी बांगडी. फुटकी.

मग मी मुकादमाकडे गेलो. म्हटलं, भो, पत्रा सरकत नसेल तर निदान आंब्याच्या दिवसांत फेरी उलटी करा, रोज एकाच टोकाला मार नको. तो हसला. म्हणाला, "मास्तर, तुमची गल्ली पहिली यावी म्हणून सांगता काय?" मी म्हटलं, एक दिवस सुलटी, एक दिवस उलटी, सरळ हिशोब. महिनाभरानं त्यांनी खरंच तसं केलं, आणि आंबे संपल्यावरही तेच चालू ठेवलं.

कचरा मिसळायचा कमी झाला, हे कबूल करतो. पण उलट्या फेरीला गाडी आमच्याकडे पावणेसातला यायला लागली. अर्धी गल्ली झोपेत, उरलेली आंघोळीला. ज्या वेळेचं मी एवढं कौतुक करत होतो तिचा विचका माझ्याच सूचनेनं झाला. समोरच्या वहिनी आजही मला बघून म्हणतात, "भाऊजी, आज कोणतं टाइमटेबल?"

एक गोष्ट लिहावी की नाही असं वाटत होतं. मागच्या ताईनं गाडीच्या कडीला एक पोतं अडकवलेलं असतं. बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या ती हातानं निवडून त्यात टाकते आणि भंगारवाल्याला देते. तेवढीच वरची कमाई. एका सकाळी तिनं आमची सुक्याची पिशवी उघडली आणि हात झटकन मागे घेतला. बोटातून रक्त. माझं दाढीचं ब्लेड, कागदात न गुंडाळता टाकलेलं. हातमोजे होते, पण ते गाडीच्या कॅबिनमध्ये. वैशाखाच्या उन्हात रबरी मोज्यात हात उकडतात म्हणून ती घालत नव्हती. मंडळीनं हळद आणली, ताईनं पदराची चिंधी फाडून बांधली आणि पुढच्या घरची बादली उचलली. मी ओट्यावर उभाच.

तेव्हापासून ब्लेडं मलमाच्या रिकाम्या डबीत जातात. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते, आणि वापरलेले पॅड वेगळे गुंडाळून द्यायचे होते. गाडीत मात्र दोनच कप्पे. मी मागे लागल्यावर एक लाल पिशवी मागच्या दांडीला बांधली गेली. गल्लीतल्या चार घरांना ती कशासाठी आहे ते माहीत आहे, बाकीचे तिच्यात गुटख्याच्या पुड्या टाकतात.

पैशांचं म्हणाल तर घरपट्टीच्या बिलात कचऱ्याची वेगळी ओळ असते. आमचे एक शेजारी दरवर्षी तिच्यावरून भांडतात: कचरा आमचा आणि वर पैसेही आमचेच? मी त्यांना सांगतो, गाडीत बसायचं आणि तिकीट नको, असे प्रवासी मी एकतीस वर्षं उतरवलेत.

नवीन राहायला आलेल्यांनी एवढं बघा. रविवारी गाडी नसते, म्हणून शनिवारी मासे-मटण करायचं असेल तर सकाळीच उरका आणि गाडीच्या आधी उरलंसुरलं बाहेर काढा. हिवाळ्यात भरताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजली की राख पूर्ण निवू द्या, त्याशिवाय टाकू नका. एकदा गाडी धूर काढत चौकातून गेलेली मी पाहिली आहे. नारळाच्या शेंड्या आणि केळीचे खुंट ते घेत नाहीत, ते शेतात न्या. चालकाला "ए गाडीवाला" म्हणू नका, दादा म्हणा, तो दोन मिनिटं जास्त थांबतो.

उद्या उलटी फेरी आहे. साडेसहाला बादल्या बाहेर.