१८ हजारांची स्पायरल फाइल

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम तोंडावर आलाय, म्हणून हे लिहितेय. ठाणे-नवी मुंबईत शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी कळव्याची, कॉलेज ऐरोलीला. ॲप्टिट्यूड आणि टेक्निकलची भीती नव्हती, पण दहावीपर्यंत मराठी माध्यम असल्यामुळे एचआर राऊंड म्हटलं की पोटात गोळा यायचा. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला एका क्लासची पाटी दिसली : ‘बिहेवियरल इंटरव्ह्यू, १०० टक्के सिलेक्शन’. म्हणजे आधीच्या प्रसंगांत तुम्ही कसे वागलात ते विचारणारी मुलाखत. फी १८ हजार. बाबा रबाळे एमआयडीसीत कामाला आहेत, त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं. १० हजार सरांच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने दिले, ८ हजार रोख. पावती ‘व्हॉट्सॲपवर पाठवतो’ म्हणाले, ती कधीच आली नाही. मीही पुन्हा मागितली नाही, सरांना राग येईल म्हणून.

पहिल्या दिवशी फळ्यावर उत्तर मांडायची स्टार पद्धत लिहिली : परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. पद्धत खरी आहे आणि उपयोगाचीही, पण ती कुठेही फुकट वाचायला मिळते. मग हातात स्पायरल बाइंडिंगची झेरॉक्स फाइल आली. ३० तयार गोष्टी : टीममधला वाद, अपयश, नेतृत्व. पाठ करा आणि म्हणा. तिसऱ्या गोष्टीत ‘आमच्या नाशिकच्या कॉलेजात’ असं छापलेलं तसंच राहिलं होतं. सर म्हणाले, पेनाने खोडून ऐरोली करा. साठ जणांच्या बॅचने मान खाली घालून ते खोडलं. मीही खोडलं.

कॅम्पस ड्राइव्हच्या दिवशी मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, टीममध्ये मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केलंत? मी फेस्टचा स्पॉन्सर ऐनवेळी मागे हटल्याची गोष्ट घडाघडा म्हटली. त्यांनी शांतपणे विचारलं, ज्याच्याशी वाद झाला तो नंतर तुम्हाला काय म्हणाला? फाइलमध्ये ते नव्हतं. मी गप्प. पेनाला टोपण लावत त्या म्हणाल्या, “ही गोष्ट मी आज तिसऱ्यांदा ऐकतेय.” मुलाखत तिथेच संपली. घरी येईपर्यंत बाबांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

सरांना फोन केला तर म्हणाले, आणखी २५ हजार भरा, एका कंपनीत आतून जागा आहे. तेव्हा डोळे उघडले. फी परत मागितली आणि त्यांनी नंबर ब्लॉक केला.

नंतर आमच्या प्लेसमेंट ऑफिसमधल्या मॅडमकडे गेले. त्यांनी एक पैसा न घेता दोन तास दिले. म्हणाल्या, बिहेवियरल इंटरव्ह्यूचा पायाच असा आहे की माणूस आधी कसा वागला त्यावरून पुढे कसा वागेल याचा अंदाज घ्यायचा. म्हणून ते खोदून खोदून विचारतात. ‘आम्ही केलं’ चालत नाही, ‘मी काय केलं’ ते सांगावं लागतं. त्यांनी विचारल्यावर मला आमचा प्रोजेक्ट आठवला. एक मुलगा रात्री डिलिव्हरीचं काम करायचा, त्यामुळे सकाळी यायचाच नाही. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मग मी त्याचं टेस्टिंग घेतलं, रिपोर्टचं काम त्याच्याकडे दिलं, ते तो घरून करायचा. सबमिशन दोन दिवस उशिरा झालं, पण झालं. ही माझी गोष्ट होती. यावर कोणी काहीही विचारलं तरी मी अडकणार नाही, कारण ते सगळं मी पाहिलंय.

कोचिंगच्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देण्याला त्यात मनाई आहे. मला हे पैसे गेल्यावर कळलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मी तक्रार नोंदवली आहे. ऑनलाइन पैसे उकळले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा, त्यात तासांचाही फरक पडतो. आणि निवड झाल्यावर ‘डिपॉझिट’ किंवा ‘व्हेरिफिकेशन’साठी कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

१० हजारांच्या यूपीआयचा स्क्रीनशॉट मी तक्रारीला जोडलाय. रोख दिलेल्या ८ हजारांचा माझ्याकडे काहीच पुरावा नाही. त्या बॅचमधल्या कोणाकडे पावती, चॅट किंवा त्या पाटीचा फोटो असेल तर मला कळवा, आपण एकत्र अर्ज करू.