कॅल्शियम मोजायचं की पेशी चालवून बघायची?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला केमोकाइन रिसेप्टर (पेशींना वाट दाखवणारे रेणू, म्हणजे केमोकाइन, पकडणारं पेशीवरचं प्रोटीन) घेतला की लगेच प्रश्न येतो: आत सिग्नल गेला हे दाखवायचं कशाने? ठाणे-वाशीकडची मुलं मला हेच विचारतात, आणि हातात जेमतेम तीन महिने असतात.

उदाहरणाला जुरकॅट पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या मानवी टी-पेशी) आणि त्यांच्यावरचा सीएक्ससीआर-४ हा रिसेप्टर घेऊ. सीएक्ससीएल-१२ हे त्याचं केमोकाइन बाहेरून येऊन बसलं की रिसेप्टर आतल्या जीआय या निरोप्या प्रोटीनचे अल्फा आणि बीटा-गॅमा असे दोन भाग सुटे करतो. बीटा-गॅमा फॉस्फोलायपेज सी-बीटा या एन्झाइमला जागं करतो, आयपी-३ हा छोटा रेणू तयार होतो, ईआरमधलं (पेशीच्या कॅल्शियम-कोठारातलं) कॅल्शियम सुटतं. तोच बीटा-गॅमा पीआय-३ कायनेज, रॅक अशा प्रोटीनांच्या वाटेने पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनपर्यंतही पोचतो आणि पेशी चालायला लागते. म्हणजे उगम एक, वाटा दोन.

कॅल्शियमचं उत्तर झटपट मिळतं. फ्लुओ-४ हा कॅल्शियम भेटलं की चमकणारा डाय भरलेल्या पेशी काही सेकंदांत उजळतात, काही मिनिटांत मावळतात. म्हणून ती चमक मोजणाऱ्या प्लेट रीडरला केमोकाइन आपोआप सोडणारा इंजेक्टर हवाच. ऐरोलीच्या एका लॅबमध्ये तो नव्हता. मी हाताने थेंब घालून झाकण लावेपर्यंत शिखर उलटून गेलेलं असायचं. पंधरा दिवस मी पेशींनाच दोष देत होते. दुसरं, आपल्याकडची जुलैची हवा. फ्रीजरमधली डायची कुपी गार असतानाच उघडली तर ओल धरते आणि डाय खराब होतो. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा.

पेशी चालवून बघायची ती ट्रान्सवेलमध्ये, म्हणजे वेलमध्ये बसणाऱ्या जाळीच्या तळाच्या छोट्या कपातून (इन्सर्ट); त्याला यंत्र लागत नाही. पाच मायक्रॉनच्या छिद्रांची जाळी, वर १०० मायक्रोलिटर पेशी, खाली ६०० मायक्रोलिटर केमोकाइन, ३७ अंशांवर दोन-तीन तास, मग न्यूबॉर चेंबरवर (चौकटी आखलेल्या काचेवर) खाली उतरलेल्या पेशींची मोजणी. इन्सर्ट तिरका धरून सोडा, नाहीतर जाळीखाली बुडबुडा अडकतो आणि तेवढ्या भागातून एकही पेशी उतरत नाही. डोस वाढवत गेलात तर आकडा आधी चढतो, मग उतरतो. घाबरू नका, तो आलेख घंटेसारखाच असतो. एका वेलमध्ये केमोकाइन वर-खाली सारखंच ठेवा. तिथेही पेशी तेवढ्याच उतरल्या, तर ती नुसती चुळबुळ, दिशा धरून चालणं नव्हे.

एकावरून दुसऱ्याचा अंदाज मात्र बांधू नका. फॉस्फोलायपेज सी-बीटाचे दोन प्रकार काढलेल्या उंदरांच्या न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींत कॅल्शियम उसळलं नाही, तरी त्या चालल्या. हे २००० सालीच छापून आलंय. उलट एसीकेआर-३ हा रिसेप्टर तेच सीएक्ससीएल-१२ पकडतो, पण जी प्रोटीनऐवजी बीटा-अरेस्टिन या वेगळ्याच प्रोटीनला बोलावतो. तिथे कॅल्शियमची रेष सपाट दिसली म्हणून 'काहीच घडलं नाही' असं लिहिलंत तर चूक होईल.

माझा कौल ट्रान्सवेलला. इंजेक्टर मिळत असेल आणि रिसेप्टर थकतो का हे बघायचं असेल, तरच कॅल्शियम: लागोपाठ दुसरा डोस दिला की प्रतिसाद पडतो, ते त्यात फार स्वच्छ दिसतं. काहीही निवडा, जीआयला बंद पाडणाऱ्या पर्टुसिस टॉक्सिनचा कंट्रोल सोडू नका; सिग्नल जीआयमधून गेला हे त्याशिवाय सिद्ध होत नाही. ते आदल्या संध्याकाळी पेशींवर घालून मगच लोकल पकडा. आणि सीएक्ससीएल-१२ पातळ करताना बफरमध्ये बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) असू द्या, नाहीतर अर्धं महागडं केमोकाइन ट्यूबच्या प्लास्टिकलाच चिकटून राहील.