सेल्फ उचलत नसेल तर बॅटरी बदलायच्या आधी इथे दाखवा (रत्नागिरी)

गाडीचे हेडलाइट झकास, हॉर्न झकास, पण चावी फिरवली की सेल्फ नुसता टक करून गप्प, नाहीतर कण्हत कण्हत फिरणार. एका गॅरेजवाल्याने तर न बघताच बॅटरी गेली सांगितलं. मग स्टँडजवळच्या या इलेक्ट्रिशियनकडे आणली आणि माणूस खरंच जाणकार निघाला.

आधी मल्टिमीटर लावला, बॅटरी 12.6 व्होल्ट म्हणजे फुल चार्ज. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिनवर धरली आणि म्हणाला मारा सेल्फ. मीटरवर 3 व्होल्ट! तिथे अर्धा व्होल्टपण दिसायला नको. पिन बॉडीवर नेली तर जवळजवळ शून्य, म्हणजे बॉडीची अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी) ठीक, इंजिन-गिअरबॉक्सला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी खराब. सेल्फ शंभरच्या वर अँपिअर ओढतो आणि तो सगळा करंट ह्याच पट्टीतून परत येतो, लाइटला तेवढा लागतच नाही म्हणून लाइट नीट लागतात आणि आपण फसतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हे व्हायचंच.

पट्टी नवीन टाकली, बोल्टखालचा गंज पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, वरून व्हॅसलिन. आता अर्ध्या चावीत स्टार्ट होते. बिल नव्या बॅटरीच्या मानाने अगदी किरकोळ.

दुकान छोटं आहे, गर्दी असते, थांबावं लागतं, पार्किंग नाहीच. तरी सकाळी लवकर जा, आणि सेल्फ मारायला सोबत कोणीतरी न्या.