थकलेल्या बिलांसाठी ‘समाधान’: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

उधारी वसुलीचा क्रम ठरलेला असतो. आधी फोन, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, आणि शेवटी वकिलाची नोटीस. 30 ऑक्टोबर 2017 ला सुरू झालेल्या केंद्राच्या ‘एमएसएमई समाधान’ या उशिरा पेमेंटच्या तक्रारींच्या पोर्टलमुळे मध्ये एक पायरी वाढली. नऊ महिन्यांच्या वापरानंतरचं मत असं: पार्टीवर, म्हणजे माल घेऊन पैसे थकवणाऱ्यावर, दबाव आणायला उत्तम, झटपट पैसे हवे असतील तर कामाचं नाही. केस टिकणार की पडणार हे अर्ज भरण्याच्या खूप आधी, माल उतरला त्या दिवशीच्या डिलिव्हरी चलनावर (मालासोबतच्या पोचपावतीवर) ठरून गेलेलं असतं.

आधी आपण यात बसतो का ते बघा. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यातलं उशिरा पेमेंटचं संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच आहे, मध्यमला नाही. जॉबवर्क आणि सेवा चालतात. निव्वळ ट्रेडिंग करणाऱ्यांना 2021 पासून ‘उद्यम’ ही एमएसएमई म्हणून होणारी सरकारी नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. त्या जोरावर इथे दावा करता येत नाही. बांधकामासारख्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टमध्येही समोरचा वकील पहिली हरकत ‘हे या कायद्यात बसत नाही’ हीच घेतो. दुसरी हरकत उद्यमच्या तारखेची. माल आधी दिला आणि नोंदणी नंतर केली, तर त्या जुन्या बिलांना फायदा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या महाकाली फूड्स निकालात म्हटलं. जानेवारी 2025 मध्ये हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. त्याची वाट बघत बसू नका. नोंदणी फुकट आहे, आजच करा.

आता चलन. कायद्यात दिवस मोजायचे ते बिलाच्या तारखेपासून नाही, माल स्वीकारल्यापासून. लेखी करार नसेल तर 15 दिवस, असेल तर ठरलेली मुदत, पण कमाल 45. पीओवर (पर्चेस ऑर्डरवर) ‘90 दिवस’ छापलेलं असलं तरी कायद्यापुढे 45 च. म्हणजे 3 मे ला माल स्वीकारला आणि मुदत लिहिलेलीच नाही, तर 19 मे पासून व्याज चालू; पीओवर 45 दिवस असतील तर 17 जून ही शेवटची तारीख.

आणि घोळ होतो तो नेमका इथे. टेम्पो गेटवर जातो, वॉचमन चलनावर गोल शिक्का मारतो, त्यात ‘तपासणीच्या अधीन’ असं बारीक अक्षरात असतं, तारीख अर्धवट उमटलेली, सही म्हणजे नुसती रेघ. वर्षभराने पार्टी म्हणते, माल स्वीकारलाच नव्हता, क्वालिटीची तक्रार होती. यावर कायद्यात तोड आहे: माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. मात्र डिलिव्हरीचा दिवस तुम्हाला दाखवता यायला हवा. म्हणून चलनावर तारीख, वेळ, नाव आणि सही सुवाच्य घ्या, गाडी नंबर लिहा, ई-वे बिल सोबत लावा, आणि पार्टीच्या स्टोअरकडून जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदीचा) नंबर मेलवर मागून घ्या. 16 व्या दिवशी ‘अमुक चलनाच्या मालाबाबत आपली लेखी हरकत आलेली नाही’ एवढा दोन ओळींचा मेल टाकायची सवय लावली तर निम्मं काम झालं. पोर्टलवरचा अर्ज राज्याच्या ज्या काउन्सिलपुढे चालतो, तिथे पार्टीला प्रतिदावाही करता येतो, त्यामुळे रिजेक्शन नोट आली असेल तर ती दडवू नका. तेवढी रक्कम वजा करून मागणी करा.

व्याजाच्या तक्त्यात सर्रास चूक होते. दर आहे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, चक्रवाढ, दर महिन्याला. लोक रेपो दर धरतात. फेब्रुवारी 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात रेपो 6.50 होता, बँक रेट 6.75. म्हणजे वार्षिक 20.25 टक्के, महिन्याला 1.6875. दोन लाखांच्या बिलावर पहिल्या महिन्याचे 3,375 रुपये; बाराव्या महिन्याअखेर व्याज 44,480 च्या आसपास. सरळ व्याजाने 40,500 च आले असते. दर बदलला तिथे तक्ता तोडा, प्रत्येक बिलाची वेगळी ओळ करा, आणि मधे आलेली पेमेंट्स तारखेनिशी वजा करा. हा तक्ता वकिलापेक्षा सीएकडून करून घेतलेला बरा.

अर्जाला उद्यम नंबर, पार्टीचा पॅन किंवा जीएसटी नंबर, पीओ, बिलं, चलनं आणि लेजर लागतं. पार्टीचा ईमेल पर्चेसवाल्याचा देऊ नका, तो मेल तिथेच जिरतो. अकाउंट्स हेडचा किंवा कंपनीच्या नोंदणीतला द्या. जून 2025 मध्ये ऑनलाइन तंटा निवारणाचं वेगळं पोर्टलही आलं. कायदा तोच, कागद तेच.

अर्ज टाकायच्या आधीचं पत्र मात्र खरं काम करतं. त्यात तीनच गोष्टी असाव्यात. एक, 1961 च्या आयकर कायद्यातली 43बी(एच) ची तरतूद, जी 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच धरता येतो. दोन, बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे न दिल्यास घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं. तीन, पार्टी कंपनी असेल तर 45 दिवसांवरची थकबाकी दर सहामाहीला एमएसएमई-1 फॉर्ममध्ये दाखवावी लागते. हे पत्र पर्चेसला न पाठवता त्यांच्या ऑडिटरपर्यंत पोचेल असं पाठवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्षाचे हिशेब बंद होण्याआधी. दिवाळीआधी त्याला कोणी विचारत नाही.

काउन्सिलपुढे आधी समेट, तो फसला तर लवाद. कायद्यात निकालाला 90 दिवस लिहिलेत, पण त्यावर कॅश फ्लो बसवू नका. पार्टी परराज्यातली असली तरी काउन्सिल आपल्या भागातलीच, ही मोठी सोय. ‘आधी केस मागे घ्या, मग चेक देतो’ याला बळी पडू नका. समझोता काउन्सिलपुढे लेखी आणि दोघांच्या सह्यांनी करा, त्याला निवाड्याचंच वजन असतं. निवाडा विरुद्ध गेला तर पार्टीला आव्हान देताना 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. बऱ्याच तडजोडी या आकड्यापाशी येऊन होतात.

तीन वर्षांपूर्वीची बिलं असतील तर दावा करण्याच्या मुदतीचा प्रश्न येतो. ती उलटण्याआधी पार्टीकडून सही-शिक्क्याचं बॅलन्स कन्फर्मेशन (बाकी मान्य असल्याचं पत्र) घेतलं की तिथून नवी तीन वर्षं. आणि चेक परत आला असेल तर समाधानवर अवलंबून राहू नका: बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत कलम 138 ची नोटीस गेलीच पाहिजे. काउन्सिलमध्ये अर्ज पडून आहे म्हणून ते घड्याळ थांबत नाही.