बुटकी सूर्यफुलं कुंडीत आणि वाफ्यात: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बुटक्या सूर्यफुलाचं खोड बुटकं असतं, मूळ नाही. बाकी सगळा अनुभव या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती आधी. पाकिटावर उंची 45 सेंमी लिहिलेली असते, ती वाचून उथळ कुंडी काढली जाते. रोप तीन आठवडे छान दिसतं, मग एकदम थांबतं आणि हाताच्या वितीएवढ्या खोडावर बटणाएवढं फूल काढून मोकळं होतं. तेच बियाणं 30 सेंमी खोल कुंडीत पेरलं तर त्याच काळात खोड अंगठ्याएवढं जाड होतं आणि फूल पाकिटावरच्या चित्रासारखं येतं. दोष बियाण्याला दिला जातो, पण अडलेलं असतं सोटमूळ.

आठ महिन्यांत दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरत सहा जाती चालवल्या: बिग स्माइल, सनस्पॉट, पॅसिनो, टेडी बेअर, म्युझिक बॉक्स आणि वाफ्याच्या मागच्या ओळीसाठी इटालियन व्हाइट. पहिल्या पाच कुंडीत आणि जमिनीतही, शेवटची फक्त जमिनीत.

कुंडीचं माप जातीवर ठरतं. लहान कुंडीत खरोखर निभावते ती एकटी बिग स्माइल. 30 ते 40 सेंमी उंची, एकच खोड, 15 सेंमीच्या कुंडीतही एक रोप फुलतं. 30 सेंमी व्यासाच्या कुंडीत तिची तीन रोपं बसतात आणि खरी शोभा तशीच येते. पॅसिनोला 25 सेंमी व्यास आणि तेवढीच खोली पुरते. टेडी बेअर आणि सनस्पॉटला एका रोपाला 10 ते 12 लिटर मिश्रण द्यावं. त्याखाली गेलं की फुलाचा आकार पडतो. म्युझिक बॉक्सला फांद्या फुटतात, त्यामुळे तिला 15 लिटर दिलेलं परवडतं. काळी प्लास्टिकची कुंडी कडक उन्हात ठेवली तर उन्हाकडच्या बाजूची मुळं भाजतात. फिकट रंगाची कुंडी किंवा ग्रो बॅग घ्यावी, नाहीतर काळी कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत उतरवून ठेवावी.

नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत वापरून केलेली पहिली खेप फसली. मिश्रण इतकं हलकं होतं, की फूल उमलल्यावर वाऱ्याच्या एका झोतात कुंड्या आडव्या झाल्या. त्यानंतर चार भाग बागेची माती, तीन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग मुरलेलं कंपोस्ट आणि एक भाग जाड वाळू हे प्रमाण कायम ठेवलं. वाळू निचऱ्याला मदत करते आणि तळाला वजनही देते. मातीचा सामू (पीएच) 6 ते 7.5 च्या दरम्यान असला की सूर्यफूल कुरकुर करत नाही.

बी थेट कुंडीतच पेरावं, 2 ते 2.5 सेंमी खोल, एका जागी दोन. वर पेरलं तर टरफल बीजदलांना चिकटून वर येतं आणि रोप डोक्यावर टोपी घेऊन अडकून बसतं. खोलीवर मातीतून वर येताना ते टरफल घासून निघतं. माती 20 ते 25 अंश असेल तर सात ते दहा दिवसांत उगवण होते. पहिली खरी पानं आली की कमजोर रोप कात्रीने कापायचं, उपटायचं नाही. उपटलं की शेजारच्याची मुळं हलतात. ट्रेमध्ये रोपं करायचीच असतील तर खऱ्या पानांची पहिली जोडी दिसताच हलवावीत. ट्रेमध्ये चार आठवडे राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गोल फिरतं, आणि असं रोप नंतर कितीही मोठ्या कुंडीत लावलं तरी सावरत नाही, अकालीच कळी धरतं.

आता पहिल्या तीन आठवड्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सूर्यफुलांवर दिवसाच्या लांबीचे प्रयोग झाले आहेत. उगवणीनंतरच्या साधारण पहिल्या तीन आठवड्यांत बारा तासांचा लहान दिवस मिळाला, तर अनेक जाती लवकर कळी धरतात, बुटक्या राहतात आणि फूलही लहान येतं. सोळा तासांचा दिवस मिळाला तर त्याच जाती उंच होतात आणि उशिरा फुलतात. सगळ्या जाती सारख्या संवेदनशील नसतात, काहींना फरकच पडत नाही. वापरात याचा अर्थ असा, की लहान दिवसांत पेरलेलं एकाच पाकिटातलं बी मोठ्या दिवसांतल्या पेरणीपेक्षा वेगळंच झाड वाटू शकतं. लहान दिवसांत पेरताना एका कुंडीत जास्त रोपं लावावीत, म्हणजे लहान फुलांचा गुच्छ भरून दिसतो. मोठ्या दिवसांत अंतर वाढवावं. आणखी एक: गॅलरीतला रात्रभर जळणारा दिवाही दिवस लांबवतो. अंधारातली कुंडी कळीवर आली आणि दिव्याखालची त्याच दिवशी पेरलेली अजून वाढतेच आहे, असं दिसलं तर खताला दोष देऊ नये, दिवा बघावा.

ऊन किमान सहा तास थेट हवं, आठ मिळालं तर उत्तम. चार तासांच्या जागेत बुटकी जातही लांबुडकी होते आणि मग काठीशिवाय उभी राहत नाही. टेडी बेअरला काठी तशीही लागते. ती पेरणीच्या दिवशीच रोवून ठेवावी. कळी आल्यावर खुपसली तर मुळं तुटतात.

कुंड्या दर आठवड्याला फिरवाव्यात हा सल्ला घरातल्या शोभेच्या झाडांसाठी ठीक आहे, सूर्यफुलासाठी चुकीचा. वाढणारं रोप दिवसभर सूर्याबरोबर वळतं, कारण खोडाची पूर्वेकडची बाजू दिवसा जास्त लांबते आणि पश्चिमेकडची रात्री. 2016 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या संशोधकांनी दाखवलं, की रोज उलट दिशेला फिरवलेल्या रोपांची वाढ कमी होते. फूल पूर्ण उमललं की हे वळणं थांबतं आणि तोंड पूर्वेकडे स्थिरावतं. पूर्वेकडचं फूल सकाळी लवकर तापतं आणि मधमाश्या त्याच्याकडे जास्त येतात. म्हणून कुंडी मांडतानाच विचार करावा: बसण्याची जागा कुंड्यांच्या पूर्वेला असेल तर फुलं तुमच्याकडे बघतील, पश्चिमेला असेल तर महिनाभर पाठमोरी दिसतील. वाफ्यातही हेच. बागेची पायवाट ओळीच्या पूर्वेला ठेवता आली तर फार मोठा फरक पडतो.

पाण्याची चूक सगळ्यात महाग पडते ती कळी दिसल्यापासून उमलेपर्यंत. एरवी वरची दोन सेंमी माती सुकली की पाणी, एवढं पुरतं. पण या दोन-तीन आठवड्यांत एकदा जरी रोप दुपारपर्यंत माना टाकून उभं राहिलं, तरी कळीचा आकार तिथेच ठरून जातो. उष्ण, वाऱ्याच्या दिवसांत 10 लिटरच्या कुंडीतलं भरलेलं रोप दिवसाला दीड-दोन लिटर पाणी सहज पितं. पाणी बुंध्याशी घालावं, फुलावर नाही.

खताबाबत हात आखडताच बरा. पेरताना मिश्रणाच्या लिटरमागे 2 ग्रॅम सावकाश विरघळणारं खत, आणि पानांच्या चार जोड्या झाल्यापासून आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम 19:19:19 (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत). कळी दिसली की ते बंद करून 13:0:45 (नत्र कमी, पालाश जास्त) त्याच प्रमाणात. नत्र जास्त झालं तर पानं हिरवीगार आणि ताटाएवढी होतात, खोड मऊ पडतं आणि फूल मागे जातं. मावाही आधी अशाच रोपांवर चढतो.

कुंडीत हमखास जाणवणारी, पण सहसा न ओळखली जाणारी उणीव बोरॉनची. वरची पानं जाडसर, तांबूस आणि वेडीवाकडी होतात, खोडाला आडव्या चिरा पडतात, फूल एका बाजूने भरतं आणि दुसऱ्या बाजूने रिकामं राहतं. चुनखडीयुक्त, जड पाणी आणि पाण्याचा ताण दोन्ही एकत्र आले की हे वाढतं. लिटरला 1 ग्रॅम बोरॅक्स, कळी दिसताना एकच फवारणी. दुसऱ्यांदा द्यायचा मोह टाळावा, कारण बोरॉनची गरज आणि विषबाधा यांतलं अंतर फार कमी असतं. जास्त झालं की पानांच्या कडा जळतात.

जातींबद्दल मत.

सनस्पॉट: 50-60 सेंमी खोडावर 20 ते 25 सेंमीचं फूल. एकटी कुंडी बघायला भव्य, पण एकच खोड, एकच फूल, दोन आठवड्यांत खेळ संपतो. दर पंधरा दिवसांनी नवी कुंडी पेरायची तयारी असेल तरच घ्यावी. हिचा किंवा बिग स्माइलचा शेंडा चुकूनही खुडू नये. खुडलं की मुख्य फूल गेलं, आणि बगलेतून आलंच तर काहीतरी किडमिडं येतं.

टेडी बेअर: मधल्या तबकडीतल्या बारीक फुलांचंही पाकळ्यांत रूपांतर झाल्यामुळे सोनेरी गोंड्यासारखं दिसतं. एका जनुकातल्या बदलाने हे घडतं आणि सगळ्या बियांत ते सारखं उतरत नाही. एका पाकिटातून थोडी रोपं अर्धवट दुहेरी निघतात. दिसायला सगळ्यांत सुंदर, पण पावसाळी हवेत सगळ्यांत नाजूक. दाट पाकळ्या पाणी धरून ठेवतात, वजनाने मान वाकते आणि फूल मागून कुजायला लागतं. आडोशाला, छपराच्या कडेखाली तिची जागा. मधमाश्यांसाठी लावत असाल तर ही नको, परागकण आणि मध दोन्ही कमी.

म्युझिक बॉक्स: 70-75 सेंमी, फिकट पिवळ्यापासून तपकिरी-लाल दुरंगी छटांपर्यंत. पहिलं फूल सुकायला लागताच खालच्या पानाच्या बेचक्यापर्यंत कापत गेलं, तर सहा आठवडे फुलं चालू राहतात. कुंडीसाठी एकच जात निवडायची झाली तर हीच. पानांच्या चार जोड्यांवर शेंडा खुडला तर झुडूप अधिक भरतं, मात्र पहिलं फूल आठवडाभर मागे जातं.

पॅसिनो नीटस, भरवशाची, 40-50 सेंमी. फारसं बोलण्यासारखं नाही, आणि तीच तिची चांगली बाजू.

इटालियन व्हाइट ही नेहमीच्या सूर्यफुलाची जात नाही, हेलियान्थस डेबिलिस या वेगळ्या प्रजातीची आहे. सव्वा ते दीड मीटर, फिकट दुधी पाकळ्या, मधली तबकडी गडद, हाताच्या तळव्याएवढी अनेक फुलं. प्रजाती मुळात समुद्रकाठच्या वाळूतली, त्यामुळे हलक्या, नापीक जमिनीत ती जास्त खुश असते. मिश्र वाफ्यात मागे ही 45 सेंमी अंतरावर, पुढे म्युझिक बॉक्स 30 सेंमीवर आणि कडेला झिनिया किंवा अ‍ॅलिसम, अशी मांडणी उत्तम जमली. फक्त एक काळजी: सूर्यफुलाची मुळं, गळलेली पानं आणि टरफलं बारीक बियांची उगवण दाबतात. त्यामुळे शेजारी अ‍ॅलिसमचं बी फेकू नये, तयार रोपं लावावीत.

रोग-किडींत सुरुवातीचा धोका पक्षी आणि गोगलगाई. बीजदलं कोवळी असतात तोवर कुंडीवर जाळी किंवा तळ कापलेली बाटली ठेवावी. पांढरी भुरी खालच्या पानांपासून चढते. दाट लावलेल्या कुंड्यांत ती लवकर येते. रोगट पानं काढावीत, हवा खेळती ठेवावी, गरज पडली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, तेही तापमान 30 अंशांच्या खाली असताना. केवडा हा रोग ओळखणं जास्त महत्त्वाचं. पानाच्या शिरांलगत पिवळेपणा, खाली पांढरी लव आणि रोप खुजं. बुटकी जात म्हणून हे खुजेपण सहज नजरेतून सुटतं. असं रोप मातीसकट काढून टाकावं, कारण त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. माव्यावर पाण्याचा जोराचा फवारा, नाही भागलं तर कडुनिंबाचं तेल लिटरला 5 मिली, साबणाच्या थेंबासह, उमललेली फुलं सोडून.

फुलदाणीसाठी परागकण नसलेल्या संकरित जाती बऱ्या, टेबलावर पिवळी भुकटी पडत नाही. पाकळ्या तबकडीपासून नुकत्या उचलल्या असताना सकाळी फुलं कापली तर ती आठवडाभर सहज टिकतात. परागकण नसले तरी मध असतो, मधमाश्या येतात. बी धरण्यासाठी मात्र जवळ परागकणांचं दुसरं सूर्यफूल लागतं, आणि संकरित बियाण्यातून धरलेलं बी पुढच्या पेरणीत आईसारखं उतरत नाही.

रोपवाटिकेतून फुललेली कुंडी आणून तिचं बी पेरणाऱ्यांसाठी एक शेवटची नोंद. अशा कुंड्यांतली रोपं बऱ्याचदा डॅमिनोझाइडसारखं वाढरोधक फवारून बुटकी ठेवलेली असतात. रसायनाचा परिणाम बियांत उतरत नाही. पुढच्या पेरणीत तेच सूर्यफूल कमरेच्या वर गेलं तर आश्चर्य नको. कुंडीसाठी जातीचं नाव छापलेलं पाकीटच घ्यावं, आणि घरचं धरलेलं बी वाफ्याच्या मागच्या ओळीत टाकावं.