कोयनेलच्या कुंपणाखाली लावण्याची रोपे: उरुळी कांचन परिसरातील एका रोपवाटिकेचा अनुभव

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिका ओळीने आहेत. त्यांपैकी एकीतून मी दोन वर्षांपूर्वी जूनअखेरीस 60 रोपे आणली. आमच्या अंगणाच्या दक्षिण हद्दीवर कोयनेलचे चार फूट उंच, जुने कुंपण आहे आणि त्याच्या पायथ्याशी दीड फूट रुंदीची पट्टी कायम उघडी पडलेली असे, कारण दाट पानोळ्यामुळे हलकी सर जमिनीपर्यंत पोहोचत नाही आणि जे पाणी मुरते ते कोयनेलची मुळे आधी ओढून घेतात.

मी वेडेलिया (जमिनीवर पसरणारी, पिवळ्या फुलांची वेल) घ्यायला गेलो होतो. तेथील माळीदादांनी आधी पट्टी कोणत्या दिशेला आहे आणि कुंपण किती जुने आहे हे विचारले, आणि सावलीत वेडेलिया फुलणार नाही, उलट पसरून कुंपणात शिरेल, असे सांगून ती देण्याचे टाळले. त्याऐवजी रिओ (जांभळट पानांचे बुटके रोप), स्पायडर प्लांट आणि पावसाळी लिली त्यांनी सुचवली, तीही मोठ्या कुंड्यांतली नव्हे, तर चार इंची पिशव्यांतली. लहान पिशवीला लहान खड्डा पुरतो, त्यामुळे कोयनेलची मुळे न तोडता दोन मुळांच्या मध्ये रोप बसवता येते. मोठी रोपे विकून अधिक पैसे मिळवणे त्यांना सहज शक्य होते, म्हणून या सल्ल्याचे मोल मला फार वाटते.

बुंध्यापासून फूटभर अंतर ठेवून लावलेली रिओ आज सर्वांत भरदार आहे. स्पायडर प्लांटही टिकला. लिली मात्र पट्टीच्या बाहेरच्या, उजेडाच्या कडेलाच फुलते.

तक्रार आहे ती नेच्यांविषयी. त्याच रोपवाटिकेतून आणलेले बारा नेचे (फर्न) निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेले होते आणि हे कोणी सांगितले नाही. भोवतीच्या मातीतले पाणी निव्वळ कोकोपीटच्या गड्ड्यात सहज शिरत नाही. पावसाने उघडीप देताच भोवतीची माती ओली असूनही मुळांचा गड्डा कोरडा राहिला आणि आठ नेचे गेले. बदली रोपेही मिळाली नाहीत. पुढच्या वर्षी मी गड्डे बादलीत तासभर भिजवून, निम्मे कोकोपीट झटकून लावले, तेव्हा सगळे जगले.

आणखी एक गोष्ट विक्रीच्या वेळीच सांगायला हवी होती. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे कुंपणाच्या उत्तरेला, एरवी वर्षभर सावलीत असलेल्या या पट्टीवर पाऊस येण्यापूर्वीचे तीन-चार आठवडे थेट ऊन पडते. पहिल्या उन्हाळ्यात स्पायडर प्लांटची पाने त्यानेच करपली. आता तेवढ्या दिवसांपुरते मी हिरवे शेडनेट बांधतो.

येत्या जूनमध्ये फाटकाजवळच्या उरलेल्या दहा फुटांसाठी मी तिथूनच रिओ आणणार आहे. नेचे मात्र माती-शेणखतात वाढवलेले असतील तरच घेईन.