कॉमन लँड आणि व्हिलेज ग्रीनची नोंदवही: इंग्लंडमधील एका कौन्सिलच्या सेवेचा अनुभव

जे घर घेण्याचे आम्ही ठरवत होतो, त्याच्यामागचे मैदान पुढेही मोकळेच राहील ना, याची खात्री करण्यासाठी मी इंग्लंडमधील एका कौंटी कौन्सिलच्या कॉमन्स नोंदणी विभागाची सेवा घेतली. प्रत्यक्ष नोंदवही पाहण्याची व्यवस्था तेथे उत्तम आहे. तिच्यापर्यंत पोहोचताना मात्र फार वेळ जातो. ईमेलला उत्तर यायला पाच आठवडे लागले, आणि त्यातही समक्ष येऊन पाहावे एवढेच लिहिले होते. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

१९६५च्या कॉमन्स रजिस्ट्रेशन ॲक्टने दोन स्वतंत्र नोंदवह्या सुरू केल्या, एक कॉमन लँडची आणि दुसरी टाउन किंवा व्हिलेज ग्रीनची, म्हणजे रहिवाशांच्या खेळ-विरंगुळ्याच्या मोकळ्या मैदानांची. प्रत्येक नोंदीचे जमीन, हक्क आणि मालकी असे तीन भाग असतात. कॉमन लँड म्हणजे आपल्याकडचे गायरान, असे समजू नये. तिला बहुधा खासगी मालक असतो आणि चराईसारखे हक्क मात्र इतरांचे असतात. शेजारच्या एका कॉमनच्या नोंदीत कोणाला किती मेंढ्या चारता येतील, याचा आकडाच लिहिलेला होता.

आमचे मैदान व्हिलेज ग्रीनच्या नोंदवहीत निघाले. तेथील बाईंनी नकाशाची घडी टेबलावर उलगडली, तेव्हा हद्दीच्या आतल्या बाजूने हाताने रंगवलेली हिरवी पट्टी स्पष्ट दिसली, आणि ज्या घरावर आमचा डोळा होता त्याच्या बागेचे लाकडी कुंपण त्या पट्टीच्या बरेच आत आलेले आहे, हेही लक्षात आले. संकेतस्थळावरील नकाशात हे कळणे शक्यच नव्हते. ग्रीनवर असे अतिक्रमण करणे १८७६च्या कायद्यानुसार सार्वजनिक उपद्रव ठरते, त्यामुळे ही बाब किरकोळ नाही.

नवीन ग्रीनची नोंद कशी होते, हेही त्यांनी न कंटाळता समजावले. २००६च्या कॉमन्स ॲक्टच्या कलम १५नुसार परिसरातील बऱ्याच रहिवाशांनी ती जागा २० वर्षे खेळ व विरंगुळ्यासाठी वापरलेली असावी लागते, आणि तीही जबरदस्तीने, लपूनछपून किंवा कोणाच्या परवानगीने नव्हे. २०१३च्या सुधारणेनंतर बांधकाम परवानगीचा अर्ज जाहीर झालेल्या जागेसाठी मात्र इंग्लंडमध्ये हा मार्ग सहसा बंद होतो. गावकऱ्यांची वर्षानुवर्षांची वहिवाट एका अर्जाने निरुपयोगी व्हावी, हे मला अन्यायाचे वाटते.

घर घेणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य करावी. नोंदवहीची ही चौकशी सीओएन २९ओ या, घर घेताना वकील कौन्सिलकडे पाठवतात त्या ऐच्छिक चौकशी-अर्जातील २२वा प्रश्न आहे, त्यामुळे वकिलाला तो विचारायला मुद्दाम सांगावे.

उत्तराच्या दिरंगाईमुळे मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. नकाशाची प्रत आता माझ्याकडे आहे आणि कुंपण मागे घेतल्याशिवाय करारावर सही करणार नाही, असे विक्रेत्याला कळवले आहे.